पहाटे आठ अंश, दहा वाजता पंचवीस : हिवाळी टाइट्सविषयी वाचकांचे प्रश्न

थंडीत सायकल चालवताना पायांत काय घालावे, हा प्रश्न गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांत पुन्हा पुन्हा विचारला गेला आहे. त्यांपैकी चार पत्रे येथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण उरलेल्या तिघांना जे सांगायचे आहे त्याचा पाया त्यातच आहे.

प्रश्न : आम्ही आठ-दहा जण दर शनिवारी पहाटे साडेपाचला नाशिकहून निघून त्र्यंबकेश्वरला जाऊन येतो. येऊन-जाऊन साठ किलोमीटर होतात. मी आतापर्यंत पॅड (बसायच्या जागी शिवलेली गादी) असलेल्या हाफ शॉर्ट्सवर सुती ट्रॅक पँट चढवत आलो. निघताना गुडघे आखडतात आणि परतताना ट्रॅक पँट घामाने चिंब झालेली असते. आता आतून लव असलेल्या, पॅडच्या आणि खिशाच्या टाइट्स घ्याव्यात असे ठरवले आहे. दोन प्रकार पाहिले. एक पातळसर आहे आणि दुसरा जाड असून ‘शून्य अंशापर्यंत उबदार’ असे त्यावर लिहिले आहे. किंमत मोजायचीच तर जाड घ्यावा, असे घरचे म्हणतात. वय 51. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : घरच्यांचे म्हणणे स्वेटरच्या बाबतीत बरोबर ठरले असते, टाइट्सच्या बाबतीत ते ठरत नाही. सायकल चालवताना स्नायू जेवढी ऊर्जा खर्च करतात तिचा जेमतेम पाव भाग पॅडलपर्यंत पोचतो आणि बाकी सगळी उष्णता होऊन अंगाबाहेर पडू पाहते. ही उष्णता सर्वांत जास्त मांड्यांत तयार होते, म्हणजे ज्या भागावर आपण सर्वांत जाड कापड चढवायला निघालो आहोत त्याच भागात. याउलट गुडघ्याच्या वाटीवर ना स्नायूंचे आवरण असते ना चरबीचे, आणि समोरचा वारा तिच्यावरच येऊन आदळतो. पारा आठ अंशांवर असताना ताशी 25 किलोमीटर वेगाने जाणाऱ्याच्या उघड्या कातडीला हवा साधारण चार अंशांइतकी गार लागते आणि उतारावर वेग 40 झाला की तीनच्या आसपास. तेव्हा आपली अडचण सगळा पाय गार पडण्याची नसून पायाची पुढची बाजू गार पडण्याची आहे, आणि ट्रॅक पँटचे सुती कापड घाम धरून ठेवते ही दुसरी.

आपल्याकडच्या हिवाळ्याची खरी खोच मात्र घड्याळात आहे. नाशिक-पुण्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या दिवसांत पहाटे आठ-दहा अंशांवर असलेला पारा दहा-साडेदहापर्यंत पंचविशीकडे सरकतो आणि दुपारी तर तीसला टेकतो. ‘शून्य अंशापर्यंत’ असे लिहिलेला कपडा ज्या देशांसाठी बेतलेला असतो तेथे सकाळी दोन अंश असतात आणि दुपारी पाच. तेथे जो कपडा घालून माणूस निघतो तोच घालून परततो. आपल्याकडे एकाच सकाळी दोन ऋतू गाठावे लागतात. म्हणून टाइट्स निवडताना पहिल्या दहा मिनिटांचा विचार न करता तिसऱ्या तासाचा करावा. निघताना किंचित गार वाटले पाहिजे. घराच्या दारातच सुखाची ऊब वाटत असेल तर कपडा जास्त झाला असे समजावे.

हे मी पैसे मोजून शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी जानेवारीत, अशाच जाड टाइट्स घालून मी पुण्याहून सिंहगडाला गेलो. खडकवासल्यापर्यंत मी स्वतःवर खूश होतो. गोळेवाडीच्या बाजूचा चढ सुरू झाल्यावर पहिल्या दोन किलोमीटरांतच मांड्यांवरून घाम ओघळू लागला आणि वर पोचेपर्यंत आतली लव ओल्या टॉवेलसारखी जड झाली. गडावर पिठलं-भाकरी खाऊन उतरायला लागलो, तर त्याच ओल्या कापडातून वारा असा लागला की खाली येईपर्यंत दात वाजत होते. चढताना उकडणे परवडले, पण त्या घामाने उतारावर गारठणे फार वाईट, आणि दोन्हींचे कारण एकच टाइट्स होत्या.

आपल्या मार्गासाठी माझी शिफारस पातळसर प्रकाराचीच आहे. कापड नायलॉन किंवा पॉलिएस्टर आणि इलॅस्टेन, म्हणजे ताणणारा धागा, यांच्या मिश्रणाचे असावे आणि आतल्या बाजूची लव आखूड असावी. बोट फिरवले तर पीचच्या सालीसारखी लागली पाहिजे, ब्लँकेटसारखी नव्हे. समोर गुडघ्यापाशी वारा अडवणारा एक वेगळा तुकडा जोडलेला असेल तर उत्तमच, मात्र तो मांडीच्या मागच्या बाजूपर्यंत आलेला नसावा, कारण वाफ बाहेर पडायला वाट तिथूनच मिळते. दुकानात गुडघ्याचा भाग दोन्ही हातांनी ताणून उजेडाकडे धरावा. पलीकडचे स्पष्ट दिसू लागले तर ते कापड पायावर चढल्यानंतरही तसेच ताणले जाणार आणि वारा आत घेणार. घोट्यापाशी पट्टी घट्ट बसणारी हवी, नाहीतर उजव्या पायाचे सैल टोक सायकलच्या चेनच्या तेलाने पहिल्याच दिवशी काळे होते. पहाटे साडेपाचला अंधार असतो, म्हणून पोटरीवर प्रकाश परतवणारी पट्टी आहे ना, तेही पाहावे. पॅडल मारताना पोटरी वरखाली होत असल्यामुळे मागून येणाऱ्या वाहनचालकाला ती पाठीवरच्या पट्टीपेक्षा लवकर ओळखू येते.

आपण विचारलेला नाही असा एक तिसरा पर्यायही आहे आणि खरे तर माझ्या मनात तोच पहिला आहे. आपल्याकडे पॅडच्या शॉर्ट्स आहेतच. त्यांच्याखाली लेग वॉर्मर, म्हणजे मांडीपासून घोट्यापर्यंतच्या लवदार बाह्या, चढवल्या की झाले. त्र्यंबकला चहासाठी थांबाल तेव्हा बूट काढून त्या उतरवायच्या, गुंडाळी करून जर्सीच्या मागच्या खिशात घालायच्या आणि परतीचा प्रवास उघड्या गुडघ्यांनी करायचा. टाइट्स अशा रस्त्यात उतरवता येत नाहीत. वॉर्मरच्या वरच्या टोकाला आतून रबरी पकड असते. ती शॉर्ट्सच्या कडेखाली चांगली चार बोटे आत गेली पाहिजे, नाहीतर दहाव्या किलोमीटरला मांडीवर गार हवेची एक रेघ उमटते आणि मग तीच खुपत राहते.

तरीही टाइट्सच घ्यायच्या असल्या तर खिशांविषयी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण खिसे आहेत की नाहीत एवढेच बहुतेक जण पाहतात. मिनिटाला 80 ते 90 फेरे या गतीने पॅडल मारणाऱ्याची मांडी तासाभरात सुमारे पाच हजार वेळा वर-खाली होते. दोनशे ग्रॅमचा फोन तिच्यासोबत तेवढेच झोके घेतो. खिसा मांडीच्या अगदी समोर असेल तर पाय वर येताना फोनची कड पोटाशी अडते आणि फार खाली असेल तर गुडघ्याला ओढ बसते. जागा हवी ती मांडीच्या बाहेरच्या अंगाला, किंचित मागे आणि शक्य तितकी वर. खिशाचे तोंड फोनच्या वरच्या कडेपेक्षा निदान दोन बोटे उंच असावे आणि त्याच्या काठाला इलॅस्टिक असावे. दुकानात स्वतःचा फोन त्यात घालून दहा वेळा गुडघा छातीकडे न्यावा, मग उकिडवे बसावे. एवढ्यात फोन डोकावू लागला तर तो खड्ड्यात नक्की पडणार, आणि रस्त्यांवरच्या खड्ड्यांविषयी मी नाशिककरांना काय सांगावे!

खिशाचे कापड जाळीचे असले तर आतला घाम थेट फोनपर्यंत पोचतो आणि ओल्या पडद्यावर बोट चालत नाही. फोन एखाद्या छोट्या प्लॅस्टिक पिशवीत घालून ठेवला की प्रश्न मिटतो. किल्ल्या मांडीच्या खिशात कधीही ठेवू नयेत, कारण पडलो तर कडेवर पडतो आणि किल्ली मांसात रुतते. त्यांना सीटखालची पिशवीच बरी. एका खिशात फोन आणि दुसऱ्यात राजगिऱ्याची चिक्की, सुट्टे पैसे व रिकामी वेष्टने, एवढीच मांडीच्या खिशांची खरी क्षमता आहे. उन्हाळ्यात मी या खिशांना चैन मानतो. हिवाळ्यात मात्र जर्सीवर जॅकेट चढलेले असते, पाठीवरचे तिन्ही खिसे त्याखाली जातात आणि हातमोजे घातलेल्या हाताने तिथवर पोचायचे म्हणजे सायकल डगमगते. तेव्हा मांडीचे खिसे खरोखर उपयोगी पडतात.

पॅडविषयी पुढच्या पत्रात येईलच. आपल्यापुरते एवढे ध्यानात ठेवावे की पॅडच्या शॉर्ट्सवर पुन्हा पॅडच्या टाइट्स चढवू नयेत. दोन गाद्या एकमेकींवर सरकतात आणि दोन्हींचा उपयोग जातो. शॉर्ट्स आतून वापरायच्याच असतील तर बिनपॅडच्या टाइट्स घ्याव्यात. त्या स्वस्तही पडतात.

प्रश्न : मी पुण्यात राहते. पुढच्या महिन्यात दोनशे किलोमीटरची पहिली बीआरएम (ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी) करणार आहे. मैत्रिणी खांद्यावर पट्टे असलेल्या बिब टाइट्स घे म्हणतात, पण वाटेत स्वच्छतागृहात जायचे झाले तर काय, या विचाराने मी कमरेच्या इलॅस्टिकच्याच घेणार होते. शिवाय पॅड किती जाड असावे? दुकानात घालून पाहिल्या तेव्हा लहान बाळाच्या लंगोटासारखे वाटले. (एक वाचक, पुणे)

उत्तर : तसे वाटले हे उत्तम झाले. पॅड उभे राहून चालण्यासाठी बेतलेले नसते, पुढे वाकून बसण्यासाठी असते. दुकानात गिऱ्हाईक आरशासमोर ताठ उभे राहते आणि तेथेच फसते. ताठ उभ्या माणसाला जे पॅड सुरेख बसते ते सायकलवर वाकल्यावर मागून ओढले जाते. घालून पाहताना समोरच्या टेबलावर किंवा भिंतीवर हात टेकून, हँडल धरल्यासारखे वाकावे आणि बसायची दोन हाडे पॅडच्या सर्वांत जाड भागावर येतात का ते हाताने चाचपून पाहावे. बायकांची ही हाडे सामान्यतः अधिक अंतरावर असतात. त्यामुळे पुरुषांसाठी बेतलेल्या, मागे अरुंद असलेल्या पॅडवर ती कडेला येतात. दुकानदार ‘युनिसेक्स आहे, चालेल’ म्हणाला तरी आपण हाच प्रयोग करून मग ठरवावे.

जाडीपेक्षा घनता महत्त्वाची आहे. पॅडच्या जाड भागावर अंगठा जोराने दाबावा. बोट थेट तळाला टेकले तर तो फोम ऐंशीव्या किलोमीटरला चपटा होणार, मग तो दिसायला कितीही गुबगुबीत असो. दोनशे किलोमीटरच्या बीआरएमला साडेतेरा तासांची मुदत असते आणि त्यातला बराच काळ आपण सीटवर असणार आहात, म्हणून पातळ दिसणारे पण दाबाला टिकणारे पॅड घ्यावे. पॅडवर उठून दिसणारी शिवण नसावी. पॅडच्या आत अंतर्वस्त्र घालू नये. संकोचामुळे हे दुकानात कोणी सांगत नाही आणि विचारतही नाही. पॅडचे कापड घाम कातडीपासून दूर नेण्यासाठी असते. मध्ये ओले सुती कापड आणि त्याची शिवण आली की सहा तासांत कातडी सोलवटते आणि दोन दिवसांनी केसतूड उठते. पूर्वी हा भाग शॅमॉय नावाच्या डोंगरी प्राण्याच्या मऊ कातड्याचा असे, म्हणून जुने सायकलस्वार अजूनही त्याला शॅमी म्हणतात. धुतल्यावर ते कातडे पापडासारखे कडक होई आणि ते मऊ करण्यासाठी मलम चोळावे लागे. आता कातडे गेले, मलम राहिले आहे, आणि लांब प्रवासात घासणाऱ्या जागी ते थोडे लावले तर हरकत नाही.

बिबचा मुख्य फायदा असा की पोटावर इलॅस्टिक रुतत नाही आणि वाकल्यावर कंबर मागे उघडी पडत नाही. पहाटेच्या गारठ्यात या दुसऱ्या गोष्टीचे मोल फार आहे. तोटा आपण म्हणता तोच. काही बिबना मानेमागे किंवा पाठीवर हूक असतो, तर काहींचे पट्टे इतके ताणतात की जर्सी न काढता मागची बाजू खाली करता येते. दुकानातल्या खोलीत जर्सी आणि जॅकेट दोन्ही अंगावर ठेवून हे एकदा करून पाहावे. तेथे जमले तरच महामार्गावरच्या ढाब्यावर जमेल. न जमल्यास रुंद, दुमडलेल्या कमरपट्टीच्या टाइट्स खुशाल घ्याव्यात. दिवसभर पाणी कमी पिऊन बिब सांभाळणे हा सर्वांत वाईट मार्ग आहे आणि नवख्या सायकलपटू बायका तोच धरतात. आणखी एक गोष्ट. नवीन टाइट्स बीआरएमच्या दिवशी पहिल्यांदा घालू नयेत. आधी साठ-सत्तर किलोमीटरची एक-दोन चक्करे मारून शिवणी कोठे घासतात ते पाहावे. सकाळी दहानंतर ऊन चढेल तेव्हा आपल्यालाही टाइट्सपेक्षा शॉर्ट्स आणि लेग वॉर्मर ही जोडीच सोयीची वाटेल, असा माझा अंदाज आहे.

प्रश्न : नोकरीनिमित्त गेली तीन वर्षे नेदरलँड्समध्ये उट्रेख्ट येथे आहे. रोज ऑफिसला सात किलोमीटर जाणे, सात किलोमीटर येणे सायकलवर होते. जानेवारीत पारा शून्य ते पाच अंशांत, वर वारा आणि भुरभुर पाऊस. पॅड असलेल्या गरम टाइट्स घेऊन त्यावर ऑफिसची पँट घालावी का? (एक वाचक, उट्रेख्ट)

उत्तर : पॅड घेऊ नये. आपली सायकल बहुधा उंच हँडलची आणि रुंद सीटची असेल. ताठ बसून पंचवीस मिनिटांच्या प्रवासात पॅडची गरज पडत नाही आणि ऑफिसच्या पँटखाली तो उंचवटा दिवसभर बाळगावा लागतो. शिवाय पॅडचा कपडा दर वापरानंतर धुवावाच लागतो, म्हणजे आठवड्याला पाच जोड हवेत. बिनपॅडच्या, दाट लवेच्या टाइट्स दोन पुरतील.

नाशिकच्या वाचकांना मी ज्या जाड कपड्यापासून परावृत्त केले तो मात्र आपल्यासाठीच आहे. उट्रेख्टला चढ नाही, म्हणून घाम कमी, आणि समोरून वारा ठरलेला. समोरच्या बाजूला पूर्ण उंचीचे, वारा अडवणारे पटल असलेल्या टाइट्स घ्याव्यात. अशा पटलावर टाचणी लावू नये की नंतर शिवण घालून खिसा बसवू नये, कारण भोकातून वारा आणि पाणी दोन्ही आत येतात. खिसा मुळातच असलेला पाहावा, तोही झिपचा, कारण पावसात उघड्या तोंडाचा खिसा म्हणजे वाटी. कापडावरून पाणी ओघळून जावे म्हणून केलेला लेप धुण्यागणिक कमी होतो, तेव्हा भुरभुर अंगावर घेण्यास तो पुरेल, पण संततधारेसाठी वरून सैल रेनपँट हवीच. ऑफिसची पँट घरून घालून निघण्यापेक्षा पिशवीत घडी करून न्यावी आणि तेथे बदलावी.

प्रश्न : मुलाच्या सायकलच्या टाइट्स मी घरच्या इतर कपड्यांबरोबर मशीनमध्ये टाकते, सुगंधी सॉफ्टनर घालते आणि गच्चीवर कडक उन्हात वाळवते. सहा महिन्यांत त्या ढगळ झाल्या आणि आता घामाचा वास जात नाही. तो म्हणतो, आई तूच बिघडवल्यास. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : मुलाचे म्हणणे अर्धेच बरोबर आहे, कारण त्याने स्वतः धुतल्या असत्या तर प्रश्नच उद्भवला नसता. सॉफ्टनर धाग्यांवर थर चढवतो आणि घाम शोषून पुढे नेण्याची कापडाची क्षमता कमी करतो. मग घाम आत साचतो आणि वास टिकतो. कडक ऊन आणि उष्णता इलॅस्टेनला मानवत नाही, म्हणूनच त्या ढगळ झाल्या. सोलापूरच्या उन्हात तर हे लवकर घडते. सायकलवरून आल्या आल्या टाइट्स उलट्या करून, गार किंवा कोमट पाण्यात साध्या साबणाने धुवाव्यात. मशीनमध्ये टाकायच्या तर जाळीच्या पिशवीत घालून, आणि जॅकेटच्या खरखरीत चिकटपट्ट्यांपासून दूर. त्या पट्ट्या आतली लव उपटून काढतात. खिसे आधी रिकामे केले आहेत ना, ते पाहावे. विरघळलेली चिक्की लवेतून निघता निघत नाही.

पिळू नयेत, कारण पॅडचा फोम पिळल्याने फाटतो. कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबले की पुष्कळसे पाणी निघून जाते. मग पॅडची बाजू बाहेर ठेवून सावलीत, वारा लागेल अशा दोरीवर टाकाव्यात. पायांचे कापड दोन तासांत वाळते आणि तेवढ्यावरून त्या घडी करून कपाटात जातात, पण पॅडच्या पोटात ओल तशीच असते. पॅडचा मधला भाग चिमटीत धरून गालाला लावून पाहावा. तो गार लागला तर आणखी एक रात्र दोरीवरच राहू द्याव्यात. आताच्या टाइट्सचा वास घालवायचा असेल तर पाण्यात थोडे पांढरे व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवून पाहावे. ढगळपणा मात्र जाणार नाही. त्या आता मुलाला घरातल्या स्थिर सायकलवर वापरायला द्याव्यात.